विकायला जाण्याआधी घ्यायला जा

वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं तुमच्या गल्ल्यात निघालं, तर त्याचे किती येतील? वाण्याकडे, रिक्षावाल्याकडे, बँकेत पाचच. अगदी कोरं, एकही ओरखडा नसलेलं असेल आणि समोर हौशी संग्राहक असेल, तर दहा-वीस रुपये. मोबाइलवरच्या व्हिडिओत सांगतात तसे पाच-दहा लाख त्या नाण्याला कोणी देत नाही. हे नाणं २०१२ सालचं, श्री माता वैष्णोदेवी श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त काढलेलं. ते चलनात सोडलं गेलं आणि आजही मोड घेताना हातात येतं. जी वस्तू मोडीत मिळते तिच्यासाठी कोणी लाख रुपये का मोजील?

हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो, कारण या प्रश्नामागे पुष्कळदा नुसतं कुतूहल नसतं. नाणी दाखवायला येणाऱ्यांत पेन्शनवर भागवणारे आजोबा असतात, नोकरी शोधणारी मुलं असतात, घरात आजारपण निघालेल्या बायका असतात. पदराच्या गाठीतून किंवा गोळ्यांच्या रिकाम्या डबीतून नाणी काढून टेबलावर ठेवतात, तेव्हा त्यांच्या मनात त्या पैशांचं काय करायचं ते ठरलेलं असतं. अशा माणसांना खोटी आशा दाखवून लुबाडणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे. आपल्या हातातल्या नाण्याची किंमत आपली आपल्याला अजमावता आली, की ही लुबाडणूक बरीचशी थांबेल. आणि ते मुळीच अवघड नाही.

मोडीतली नाणी आणि डबीतली नाणी

स्वतंत्र भारताची पहिली स्मारक नाणी १९६४ सालची. पंडित नेहरूंच्या निधनानंतर त्यांची मुद्रा असलेली एक रुपयाची आणि पन्नास पैशांची नाणी निघाली. मग १९६९ मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दीची वीस पैसे, पन्नास पैसे, एक रुपया आणि चांदीचे दहा रुपये अशी मालिका आली. सत्तरच्या दशकात तर जवळजवळ दर वर्षी एखादा विषय नाण्यावर येत गेला: सर्वांसाठी अन्न, कुटुंबनियोजन, महिला वर्ष, बालवर्ष. १९८२ ची आशियाई क्रीडास्पर्धा, १९८५ ची इंदिरा गांधींची नाणी, १९८९ ची नेहरू जन्मशताब्दी, १९९० चा डॉ. आंबेडकरांचा रुपया हे तर चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या हातातून गेलेले आहेत. आपल्याकडच्या घरांत हमखास सापडणारी आणखी चार सांगतो. १९९९ चं छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं, त्याच वर्षीचं संत ज्ञानेश्वरांचं एक रुपयाचं, २००२ चं संत तुकारामांचं दोन रुपयांचं आणि २००७ चं लोकमान्य टिळकांचं पाच रुपयांचं.

ही सगळी चलनात वापरण्यासाठी पाडलेली नाणी. तीही थोडीथोडकी नव्हे, लाखांनी. नाण्यावर एखाद्या थोर माणसाचा चेहरा आहे म्हणून ते दुर्मीळ, हा समज इथेच सोडून द्यायला हवा. उलट एक गोष्ट लक्षात घ्या. साधं नाणं हातोहात फिरून झिजतं, हरवतं, शेवटी बँकेमार्फत परत जातं. स्मारक नाणं मात्र दिसलं की लोक बाजूला काढून ठेवतात. शिवाजी महाराजांचं नाणं मराठी माणसानं सहजासहजी खर्च केलं नाही. देवघरात ठेवलं, पाकिटात ठेवलं, मुलाच्या हातात दिलं. म्हणून पंचवीस वर्षांनंतरही ती चांगल्या अवस्थेत, मोठ्या संख्येनं शिल्लक आहेत. लोकांनी इतक्या प्रेमानं जपली, म्हणूनच बाजारात त्यांना भाव चढला नाही.

दुसरा प्रकार चलनात कधी न आलेल्या नाण्यांचा. पंचाहत्तर, शंभर, दीडशे, हजार अशा रकमांची ही नाणी सरकारी टांकसाळ संग्राहकांसाठी पाडते आणि खोक्यात घालून विकते. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीचं हजार रुपयांचं नाणं या जातीचं. नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाच्या वेळी, मे २०२३ मध्ये आलेलं पंचाहत्तर रुपयांचं नाणंही तसंच. त्याचं वजन ३५ ग्रॅम, व्यास ४४ मिलिमीटर, त्यात निम्मी चांदी, ४० टक्के तांबं आणि उरलेलं निकेल व जस्त. म्हणजे साडेसतरा ग्रॅम चांदी. नुसत्या धातूचीच किंमत पंचाहत्तरच्या कितीतरी वर जाते. अशा नाण्यावरची रक्कम ही नाममात्र असते. ती पाहून नाण्याचा भाव ठरवू नये आणि ते दुकानात चालवण्याच्या फंदात तर अजिबात पडू नये.

दर्शनी मूल्याबद्दल कायदा काय म्हणतो, तेही थोडक्यात. नाणे अधिनियम २०११ प्रमाणे एक रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंत, आणि पन्नास पैशांची नाणी दहा रुपयांपर्यंत कायदेशीर चलन आहेत. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. म्हणून गांधीजींचे वीस पैसे किंवा आशियाई खेळांचे पंचवीस पैसे आज बाजारात शून्य किमतीचे आहेत. त्यांची जी काय किंमत आहे ती संग्राहकाच्या लेखी. आणि दहा रुपयांची वेगवेगळ्या चित्रांची नाणी 'चालत नाहीत' म्हणून कोणी नाकारत असेल तर ते चूक आहे. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये तोवर निघालेली चौदाही नक्षींची दहाची नाणी वैध असल्याचं जाहीर केलं होतं.

आधी गिऱ्हाईक व्हा

आता मुख्य मुद्दा. तुमच्याकडच्या नाण्याची किंमत काय, हे कळण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे तेच नाणं विकत घ्यायला जाणं.

पुण्यात असाल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जा. मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर नाणी मांडून बसलेले विक्रेते दिसतात. मोठ्या शहरांत नाण्यांची प्रदर्शनंही भरतात, तिथे जा. आपल्या खिशातलं नाणं बाहेर काढू नका. नुसतं विचारा, "शिवाजी महाराजांचं दोनचं आहे का, नव्व्याण्णव सालचं?" बहुतेक वेळा विक्रेता काचेच्या पेटीकडे पाहणारही नाही. पायाशी ठेवलेला प्लॅस्टिकचा डबा पुढे सरकवून "यात बघा" म्हणेल. डब्यात हात घातलात की अकरा कडांचं ते तांबे-निकेलचं नाणं एक नाही, मूठभर मिळेल. काही काळवंडलेली, काही महाराजांच्या मुद्रेवरची रेषा न् रेषा शाबूत असलेली. किंमत विचारा. मग हाताशी वेळ असेल तर पुढच्या विक्रेत्याकडेही तेच करा. दोन-तीन ठिकाणी ऐकलेला आकडा हा त्या नाण्याचा विक्रीचा भाव.

यानंतर दुसरा प्रश्न विचारायचा: "माझ्याकडे अशी दहा-बारा आहेत, घ्याल का?" आता आकडा खाली येईल. निम्मा होईल, किंवा "नको, खूप पडलीत" असं उत्तर येईल. यात फसवणूक काहीच नाही. विक्रेत्याचे पैसे त्या मालात अडकणार, गिऱ्हाईक येईपर्यंत तो थांबणार, बाजारात बसण्याचा खर्च त्याचा. घेण्याचा आणि देण्याचा भाव वेगळा असतोच, सोन्यातही असतो. पण हा दुसरा आकडा ऐकला की आपल्या नाण्याचे आपल्याला खरोखर किती मिळतील ते कळतं. आणि जो विक्रेता तुमच्याकडचं नाणं घ्यायला उत्सुक होतो, आधीच्या आकड्याहून चांगला भाव देऊ करतो, तिथे घाई करू नका. ते नाणं परत खिशात ठेवा आणि आणखी एका जाणकाराला दाखवा.

ऑनलाइन चौकशीलाही हाच नियम लावायचा. जुन्या वस्तूंच्या विक्रीच्या संकेतस्थळांवर कोणीही आपल्या नाण्यापुढे नऊ लाख लिहू शकतो. लिहायला पैसे पडत नाहीत. त्या किमतीला विकलं गेलं का, हे पाहायचं. लिलाव करणाऱ्या संस्था विक्रीनंतरचे भाव प्रसिद्ध करतात, ते वाचावेत. मागितलेली किंमत आणि पदरात पडलेली किंमत यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. क्राउजच्या जागतिक नाणे-सूचीसारखे जाडजूड ग्रंथ ग्रंथालयात पाहायला मिळाले तर त्यातून नाण्याचा धातू, वजन, टांकसाळ आणि प्रकार नक्की करावा. भावासाठी मात्र त्यांच्यावर विसंबू नये. छापलेला भाव जुना होतो आणि तो विक्रेत्याच्या बाजूचा असतो.

लोहचुंबक आणि वजनकाटा

घरातली नाणी निवडायला बसताना दोन वस्तू जवळ घ्या: एक साधा लोहचुंबक आणि ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा. निम्मं काम तिथेच होतं.

लोहचुंबकाबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. चुंबकाला चिकटलं म्हणजे नाणं खोटं, किंवा याउलट, चिकटलं म्हणजे त्यात काहीतरी मौल्यवान धातू, अशी दोन्ही टोकं ऐकायला मिळतात. दोन्ही चूक. १९६४ चा नेहरूंचा आणि १९६९ चा गांधीजींचा रुपया निकेलचा आहे. निकेल चुंबकाकडे ओढलं जातं, म्हणून ते रुपये खटकन चिकटतात. संत ज्ञानेश्वरांचा रुपया पोलादाचा, म्हणून तोही चिकटतो. शिवाजी महाराजांचं किंवा तुकाराम महाराजांचं दोनचं नाणं तांबे-निकेलच्या मिश्रधातूचं, ते चिकटत नाही. चांदी तर चिकटतच नाही. म्हणजे चुंबकामुळे नाण्याचा धातू ओळखायला मदत होते आणि चांदीचं म्हणून कोणी दिलेलं नाणं टपकन चिकटलं तर ते चांदीचं नाही, एवढं नक्की ठरतं.

वजनकाटा खरा उपयोगी पडतो तो दहा रुपयांच्या जुन्या, मोठ्या नाण्यांसाठी. इथे घराघरांतून चूक होते, म्हणून जरा तपशिलात सांगतो. १९६९ चं गांधीजींचं दहा रुपयांचं नाणं १५ ग्रॅम वजनाचं असून त्यात ८० टक्के चांदी आहे. म्हणजे १२ ग्रॅम शुद्ध चांदी. १९७० च्या 'सर्वांसाठी अन्न' या विषयावरच्या दहाच्या नाण्यातही हेच प्रमाण. १९७२ चं स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं आणि १९७३ चं 'अधिक धान्य पिकवा' हे, दोन्ही दहा रुपयांची, वजनाला मोठी, साधारण २२ ग्रॅमच्या पुढची. पण चांदी निम्मी. १९७३ चं वीस रुपयांचं ३० ग्रॅमचं, त्यातही निम्मी. मग १९७४ पासून दहा रुपयांचं स्मारक नाणं तांबे-निकेलचं झालं आणि चांदी पन्नास रुपयांच्या नाण्यात गेली, १९८० पासून शंभरच्या. म्हणून १९७३ चं दहाचं नाणं आणि १९७४ चं दहाचं नाणं शेजारी ठेवली तर दोन्ही पांढरी, दोन्ही मोठी दिसतात, पण एकात चांदी आहे आणि दुसऱ्यात अजिबात नाही. साल वाचल्याशिवाय यांचा व्यवहार करू नका.

चांदीच्या नाण्याचा किमान भाव काढणं सोपं आहे. समजा चांदी किलोला एक लाख रुपये आहे, म्हणजे ग्रॅमला शंभर. गांधीजींच्या दहाच्या नाण्यात १२ ग्रॅम चांदी, म्हणजे बाराशे रुपये. त्या दिवशीचा खरा भाव घ्या आणि गुणाकार करा. याच्याखाली देऊ नका. कोणी "जुनं दहाचं नाणं आहे, शंभर रुपये देतो" म्हणाला तर तो तुमच्या अज्ञानावर पैसे कमावतोय. एक इशारा मात्र देऊन ठेवतो: असं नाणं सराफाकडे आटवायला देऊ नका. नाणी वितळवणं आणि नष्ट करणं नाणे अधिनियमानं गुन्हा ठरवलं आहे. शिवाय संग्राहकाकडे त्याला धातूहून थोडा जास्त भाव मिळतो, तो हकनाक जातो.

वर्षाखालची खूण

चांदीखेरीज आणखी दोन गोष्टींनी नाण्याचा भाव चढतो. पहिली, ते कुठे पाडलं गेलं. नाण्यावरच्या वर्षाखाली भिंगातून पाहा. छोटी चौकट किंवा हिरा असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, भरीव गोल ठिपका असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर (प्रूफ म्हणजे काय ते पुढे सांगतो) कधी 'बी', पुढच्या काळात 'एम' हे अक्षर असतं. एकाच वर्षाचं, एकाच चित्राचं नाणं एका टांकसाळीत भरपूर आणि दुसरीत मोजकं पाडलं गेलं, असं होतं. संग्राहकाला पूर्ण संच हवा असतो, त्यामुळे मोजक्या टांकसाळीच्या नाण्याला मागणी येते. तुमच्या डब्यातल्या सारख्या दिसणाऱ्या नाण्यांची या खुणांवरून विभागणी करा. हातात घबाड लागेल असं नाही, पण पंचवीस नाण्यांतलं एखादं वेगळं निघू शकतं आणि ते शोधण्यात खरंच गोडी आहे.

दुसरी गोष्ट नाण्याची अवस्था, आणि भावातला सर्वांत मोठा फरक हिच्यानं पडतो. संग्राहकांच्या बोलण्यात 'यूएनसी' म्हणजे न वापरलेलं, टांकसाळीतून आलेली झळाळी शाबूत असलेलं. 'प्रूफ' ही त्याहून वेगळी गोष्ट. तिच्यासाठी साचे आणि चकत्या दोन्ही घासून आरशासारख्या करतात, ठसा जोरात आणि एकाहून जास्त वेळा मारतात; त्यामुळे मागची जमीन आरशासारखी आणि चेहरा दुधी दिसतो. प्रूफ नाण्याला उघड्या बोटानं स्पर्श झाला तरी ठसा राहतो आणि किंमत खाली येते. खिशातून फिरलेलं नाणं कितीही आवडीचं असलं तरी ते वापरलेलंच. गालाचं हाड, कपाळ, मिशीचे केस असे उंचावलेले भाग आधी झिजतात. तिथे पाहिलं की नाण्याची खरी अवस्था कळते.

आणि कृपा करून नाणी घासू नका. पितांबरी, चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, ब्रासो यांपैकी काहीही नाही. दिवाळीला समई घासावी तसं आजोबांनी जपलेलं चांदीचं नाणं मोठ्या प्रेमानं घासून, चकचकीत करून लोक आणतात आणि त्यावरच्या बारीक रेघा पाहून जाणकाराचा चेहरा पडतो. वर्षानुवर्षांत धातूवर चढलेला काळसर, निळसर थर हा नाण्याचा भाग असतो. संग्राहक त्याचे पैसे देतो. घासलेल्या नाण्याची झळाळी पुन्हा कोणालाच आणता येत नाही. धूळ असेल तर साध्या स्वच्छ पाण्यातून काढून मऊ कापडानं टिपून घ्या, पुसू नका. बस्स.

ठेवण्याबद्दल एवढंच: मऊ, वास येणारं स्वस्त प्लॅस्टिक टाळा. त्यातून सुटणाऱ्या द्रव्यानं नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर मिळतात, ते घ्या. मुंबईत, कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांनी पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवाव्यात. नाणं उचलायचं ते कडेनं धरून.

कोणाच्या फोनला काय उत्तर द्यायचं

फसवणुकीची रीत आता ठरून गेलेली आहे. आधी व्हिडिओ येतो, त्यात 'हे नाणं असेल तर तुम्ही लखपती' अशी हाक. खाली नंबर. नाण्याचा फोटो पाठवला की लगेच होकार येतो, आणि रक्कमही सांगितली जाते, सहा लाख, नऊ लाख. मग रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह लावलेलं पत्र येतं. आणि त्यानंतर मागणी: नोंदणीचे हजार रुपये. ते भरले की जीएसटी. ते भरले की गाडी निघाली आहे, चेकपोस्टवर अडकली आहे, ना-हरकत प्रमाणपत्राचे भरा. नाण्यात त्यांना कधीच रस नसतो. तुमचं नाणं बघायलाही कोणी येत नाही. आधीच्या भरलेल्या पैशांपायी माणूस पुढचे भरत जातो.

रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल जाहीर सूचना काढली. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक सहभागी नाही, कोणाकडून असं शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही, असं तिनं स्पष्ट केलं. म्हणून फोनवरच्या माणसाला एकच वाक्य सांगा, "नाणं घेऊन जा आणि पैसे द्या, मी आधी काही भरणार नाही." खरा घेणारा हे ऐकून नाराज होत नाही. पैसे गेलेच असतील तर लाजू नका, वेळ घालवू नका. १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना रागवू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते सांगणारच नाहीत.

आणखी दोन प्रकार आपल्याकडे फार चालतात. एक, ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाचं, १८१८ साल घातलेलं, एका बाजूला राम दरबार किंवा हनुमान असलेलं तांब्याचं नाणं. कंपनीनं असं नाणं कधीही पाडलेलं नाही. ते अलीकडे बनवलेलं आहे, पूजेत ठेवायचं तर ठेवा, पण त्यासाठी पैसे घालवू नका. दुसरा, 'तांदूळ ओढणारं' नाणं. तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढणारा धातू अस्तित्वात नाही. या नावावर लोकांनी जमिनी विकून पैसे दिले आहेत. असा कोणी दारात आला तर त्याला घरात घेऊ नका.

चुकीचे छाप उमटलेल्या नाण्यांनाही हल्ली फार मागणी असल्याचं सांगतात. टांकसाळीत खरोखर चूक झालेलं नाणं असतं आणि त्याला भावही मिळतो. पण दहा रुपयांच्या नाण्याचा आतला गोल ठोकून बाहेर काढलेला, कड घासलेली, हातोड्यानं चेपलेलं नाणं हे खराब केलेलं नाणं आहे. टांकसाळीतल्या चुकीत धातू ठशाच्या जोरानं वळलेला असतो, त्यावर हत्याराची खूण नसते. शंका आली की जाणकाराला दाखवावं, फोटोवरून ठरवू नये.

टांकसाळीचे संच घ्यावेत का?

हा प्रश्न तरुण मंडळी हमखास विचारतात. सरकारी टांकसाळी नव्या स्मारक नाण्यांचे प्रूफ आणि यूएनसी संच संकेतस्थळावर नोंदणी घेऊन विकतात. नाण्यावरच्या रकमेच्या कित्येक पट किंमत असते, हातात यायला महिने लागतात. विषय आवडला तर जरूर घ्या. खोकं, पुस्तिका, पावती सगळं जपा. संच उघडून नाणी वेगळी केलीत की त्याची किंमत मोडते. पण दुप्पट होतील म्हणून घेऊ नका. नव्या नाण्याची बातमी येते त्या आठवड्यात दुय्यम बाजारात भाव उसळतात, वर्षभरानं त्यांतले पुष्कळ शांत होतात, आणि जे मोजके संच पुढे खरोखर महाग होतात ते कोणते, हे आधी सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. चांदीत पैसे गुंतवायचे असतील तर चांदी घ्या. नाणी घ्यायची ती नाण्यांसाठी.

त्या दृष्टीनं शाळकरी मुलांना मोडीतली स्मारक नाणी गोळा करायला लावण्यासारखा स्वस्त आणि चांगला छंद नाही. पाच रुपयांत पाच रुपयांचं नाणं मिळतं, त्यात तोटा होण्याची शक्यताच नाही. मूल लोकमान्यांचं नाणं पाहतं, साल विचारतं, वर्षाखालची खूण शोधतं, चुंबक लावून पाहतं. त्याला मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय दाखवा. नाशिकहून त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यानं जात असाल तर अंजनेरीला भारतीय मुद्रा संशोधनाची संस्था आणि तिचं संग्रहालय आहे, तिथे थांबा. सातवाहनांपासून आजपर्यंतची नाणी एका जागी पाहिली की घरातल्या डब्याकडे बघण्याची नजर बदलते.

ज्यांच्याकडे वडिलांचा किंवा आजोबांचा संग्रह आला आहे, त्यांनी तो लगेच फोडून विकू नये. आधी यादी करा: साल, रक्कम, विषय, वर्षाखालची खूण, धातू, वजन. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. चांदीची वेगळी, टांकसाळीचे बंद संच वेगळे, मोडीतली वेगळी ठेवा. पहिल्या दोन ढिगांना दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. तिसऱ्या ढिगासाठी लिलाव, कमिशन, कुरिअर यांत पडू नका. तो नातवंडांत वाटा किंवा गल्लीतल्या एखाद्या जमवणाऱ्या मुलाला द्या. आणि स्वतः संग्राहक असाल तर आज रात्रीच डब्यात एक कागद ठेवा, कोणतं नाणं कुठून आणि कितीला घेतलं ते लिहून. तुमच्यामागे तो डबा उघडणाऱ्याला कोणत्या नाण्यासाठी थांबायचं आणि कोणतं सरळ वाण्याकडे द्यायचं, ते त्या कागदावरून कळेल.